दोष कोणाचा, दायित्व कोणाचे?

मार्चमध्येच अंगाची लाही करणारे ऊन, दिवाळीपर्यंत रेंगाळणारा पाऊस आणि हाती आलेल्या द्राक्षबागेवर कोसळणारी गारपीट यांची चर्चा आता हवामान खात्याच्या अंदाजापुरती उरलेली नाही. ती फार लवकर एका प्रश्नापाशी येऊन थांबते : हे सारे कोणामुळे? कोणी अमेरिकेकडे बोट दाखवतो, तर कोणी चीनकडे. कोणी तेल कंपन्यांना धारेवर धरतो, कोणी सरकारला. कोणी म्हणतो, दोष आपलाच, आपणच चैनीला सोकावलो. आणि पुष्कळांच्या मनात या सगळ्यांहून वेगळा एक प्रश्न असतो : एवढ्या मोठ्या जगात माझ्या एकट्याने काय होणार?

या उत्तरांपैकी प्रत्येकात तथ्याचा अंश आहे. परंतु ती सर्व उत्तरे एकाच प्रश्नाची नाहीत. 'दोष' हा शब्द मागे पाहतो. जे घडून गेले त्याचा हिशेब मागतो. 'दायित्व' पुढे पाहते. आता कोणी काय करायचे, हे ठरवते. या दोहोंची सरमिसळ झाली की दोषी सुटतो आणि दायित्वही कोणी घेत नाही. म्हणूनच राष्ट्र, कंपनी आणि व्यक्ती या तिन्ही पातळ्यांवर दोषाची ही मांडणी कशी झाली, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

राष्ट्रांचा हिशेब

कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेत गेला की त्याचा मोठा भाग शतकानुशतके तेथेच राहतो. त्यामुळे आजची तापमानवाढ ही केवळ आजच्या धुराची नव्हे, तर औद्योगिक क्रांतीपासून साठत आलेल्या धुराची परिणती आहे. १७५० पासून आजवर कोळसा, तेल व वायू जाळून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरतो. मात्र वार्षिक उत्सर्जन पाहिले तर चित्र पालटते. चीन आज पहिल्या क्रमांकावर आहे, अमेरिका दुसऱ्या आणि भारत तिसऱ्या. दरडोई हिशेब मांडला की ते पुन्हा बदलते. अमेरिकी नागरिकामागे वर्षाला सुमारे १४ टन, चिनी नागरिकामागे आठ टनांहून अधिक, तर भारतीयामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

तिन्ही आकडे खरे आहेत. कोणता पुढे करायचा, हे बोलणारा कोणत्या देशाचा आहे त्यावर ठरते, आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा तीन दशकांचा इतिहास बव्हंशी याच निवडीचा इतिहास आहे. १९९२ मध्ये रिओ येथील वसुंधरा परिषदेत स्वीकारल्या गेलेल्या हवामानविषयक करारात 'समान परंतु भिन्न दायित्वे' हे तत्त्व आले. संकट सर्वांचे, पण भार ज्याच्या-त्याच्या कुवतीनुसार, असा त्याचा आशय. १९९७ च्या क्योटो कराराने उत्सर्जन घटवण्याचे बंधन केवळ विकसित देशांवर घातले. भारत-चीनला सूट का, असा आक्षेप घेत अमेरिकेने २००१ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपापले उद्दिष्ट स्वतःच जाहीर करायचे ठरले. मात्र त्याच वेळी, हानीविषयक कलमाच्या आधारे कोणावरही भरपाईचे उत्तरदायित्व येणार नाही, असे परिषदेच्या ठरावात श्रीमंत देशांच्या आग्रहाने स्पष्टपणे नमूद करण्यात आले. थोडक्यात, मदतीस आमची हरकत नाही, पण तिला दंड म्हणू नका! २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे 'हानी व नुकसान' निधी मान्य झाला, तोही याच भूमिकेतून.

जगण्याचा धूर, चैनीचा धूर

या वादात भारताची नैतिक बाजू ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे मांडली, त्यांत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. एका अमेरिकी संस्थेच्या अहवालाने भातखाचरांतून व गुराढोरांपासून निघणारा मिथेन आणि मोटारींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांची एकाच मापाने मोजणी करून भारतासारख्या देशांना मोठ्या प्रदूषकांच्या पंक्तीत बसवले होते. १९९१ मध्ये या दोघांनी त्याला पुस्तिकेतून उत्तर दिले. पोटासाठी पिकवल्या जाणाऱ्या भाताचा वायू आणि हौसेसाठी फिरवल्या जाणाऱ्या मोटारीचा वायू रसायनशास्त्राला सारखेच वाटतील, न्यायाला ते सारखे वाटता कामा नयेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन हा भेद तेव्हापासून जागतिक चर्चेत रूढ झाला.

मराठी मनाला हा भेद नवा नाही. श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत महादेवाचा गाभारा दुधाने भरण्यासाठी राजा साऱ्या गावाचे दूध मागवतो. लोक मुलाबाळांच्या आणि वासरांच्या तोंडचे दूध आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. घरातल्यांना तृप्त करून, वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध घेऊन येणारी म्हातारी मात्र तो भरते. त्याग कोणाकडून मागायचा आणि कशातून मागायचा, याचे भान सुटले की कितीही ओतले तरी पुरे पडत नाही, हा त्या कहाणीचा बोध येथेही लागू पडतो.

परंतु हा युक्तिवाद देशाच्या सीमेवर थांबवता येत नाही. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनपीस इंडियाने एक अहवाल प्रसिद्ध केला. 'गरिबांच्या आड लपताना' असा त्याच्या शीर्षकाचा मथितार्थ होता. महिना ३० हजार रुपयांहून अधिक उत्पन्न असलेला वर्ग महिना तीन हजारांहून कमी उत्पन्न असलेल्या वर्गाच्या सुमारे साडेचार पट कार्बन डायऑक्साइड सोडतो, असे त्यात दाखवले होते. दरडोई दोन टनांची राष्ट्रीय सरासरी कमी दिसते ती कोट्यवधी लोकांकडे न मोटार आहे, न वातानुकूलन यंत्र, म्हणून. ज्यांच्याकडे ही दोन्ही आहेत आणि जे वर्षातून चार वेळा विमानाने प्रवास करतात, त्यांनी त्या सरासरीचा आसरा घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या उपवासाचे पुण्य आपल्या नावे लिहून घेणे होय.

कंपन्यांचे खाते

राष्ट्रांऐवजी उत्पादकांचा हिशेब मांडला तर काय दिसते? रिचर्ड हीडी या अभ्यासकाचा या विषयावरील शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १७५१ ते २०१० या काळातील औद्योगिक कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांच्या उत्सर्जनापैकी सुमारे ६३ टक्के उत्सर्जनाचा माग अवघ्या ९० उत्पादकांपर्यंत काढता येतो, असे त्यात दिसून आले. शेव्हरॉन, एक्झॉन मोबिल, बीपी, शेल यांच्या जोडीला त्यात सौदी आराम्को, गॅझप्रॉम आणि आपली कोल इंडियाही आहे.

हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कंपनीच्या नावे मांडलेल्या उत्सर्जनात तिने विकलेले इंधन ग्राहकाने जाळल्यावर निघालेला धूरच प्रामुख्याने असतो. म्हणजे तेल विकणाऱ्याचा धूर आणि मोटार चालवणाऱ्याचा धूर हे दोन वेगळे धूर नव्हेत. एकच धूर दोन खात्यांत नोंदवलेला आहे. त्यामुळे 'सारे काही कंपन्यांनी केले' हे जितके अपुरे, तितकेच 'मागणी होती म्हणून त्यांनी पुरवठा केला' हेही अपुरे.

मात्र कंपन्यांचा दोष केवळ विक्रीचा नाही. एक्झॉनच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून तापमानवाढीचे जे अंतर्गत अंदाज बांधले, त्यांतील बहुतेक पुढे अचूक ठरले, हे 'सायन्स' नियतकालिकातील २०२३ च्या अभ्यासाने दाखवून दिले. घरात ही माहिती असताना बाहेर मात्र याच कंपनीने या विज्ञानाविषयी वर्षानुवर्षे संशय पसरवला. अजाणतेपणी केलेली हानी आणि जाणूनबुजून लांबवलेली हानी यांत फरक करावाच लागतो.

न्यायालयांपुढेही आता हा प्रश्न येऊ लागला आहे. पेरू देशातील हुआराझ येथील एका शेतकऱ्याने २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. हिमनदी वितळून फुगणाऱ्या तळ्यापासून आपल्या घराला धोका आहे, आणि जगाच्या औद्योगिक उत्सर्जनात या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के असल्याने संरक्षणखर्चाचा तेवढाच हिस्सा, म्हणजे सुमारे १७ हजार युरो, तिने द्यावा, अशी त्याची मागणी होती. २०२५ च्या मे महिन्यात हाम येथील न्यायालयाने दावा फेटाळला. त्या विशिष्ट घराला असलेला धोका पुरेसा गंभीर नाही, असे कारण दिले. पण मोठ्या उत्सर्जकाला दूर देशातील हानीबद्दल तत्त्वतः जबाबदार धरता येते, हेही त्याच निकालाने मान्य केले.

'पाऊलखूण' घराघरांत कशी आली?

व्यक्तीच्या जबाबदारीची भाषा आज 'कार्बन फूटप्रिंट' या शब्दाभोवती फिरते. त्याचे मूळ शैक्षणिक आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी नव्वदच्या दशकात 'पर्यावरणीय पाऊलखूण' ही संकल्पना विकसित केली. तिचे कार्बनपुरते रूप मात्र सामान्य माणसापर्यंत पोहोचवण्यात मोठा वाटा होता बीपी या तेल कंपनीचा. 'पेट्रोलियमच्या पलीकडे' असा अर्थ सूचित करणारे घोषवाक्य घेऊन नव्या सहस्रकात तिने मोठी जाहिरातमोहीम राबवली आणि २००४ मध्ये ज्याला-त्याला आपली पाऊलखूण मोजता येईल असे गणनयंत्र संकेतस्थळावर उपलब्ध करून दिले. तुमची पाऊलखूण केवढी, असा प्रश्न तेल विकणाराच तेल विकत घेणाऱ्याला विचारू लागला!

म्हणून ही संकल्पना टाकाऊ ठरत नाही. मोजमाप उपयोगी असते. पण मोजपट्टी कोणाच्या हाती आहे आणि तिने कोणाला मोजायचे टाळले आहे, हेही पाहिले पाहिजे.

लोकांना काय वाटते?

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकी जनतेचे सहा गट पाडले : धास्तावलेले, चिंतित, सावध, अलिप्त, साशंक आणि साफ नाकारणारे. त्या वेळी धास्तावलेले १८ टक्के, तर साफ नाकारणारे अवघे सात टक्के होते. म्हणजे दूरचित्रवाणीवरील वादात जे निम्मे वाटत, ते समाजात फारच थोडे होते.

भारतातील चित्र निराळे आहे. येल आणि सीव्होटर यांनी २०२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीविषयी आपल्याला अगदी थोडे माहीत आहे किंवा आपण कधी ऐकलेलेच नाही, असे सांगितले. तिचा अर्थ थोडक्यात समजावून दिल्यावर मात्र ८४ टक्क्यांनी ती घडत असल्याचे मान्य केले. तिला मुख्यतः माणूस कारणीभूत आहे, असे ५७ टक्क्यांना वाटले, तर निसर्गातील बदल कारणीभूत आहेत, असे ३१ टक्क्यांना. आपल्याकडे नाकारणारे थोडे. पण अनुभव आहे आणि त्याचे कारण ठाऊक नाही, असे पुष्कळ.

याहून बोलके निष्कर्ष आहेत १२५ देशांतील सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीचे. 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या उत्पन्नाचा एक टक्का हिस्सा दरमहा या कामी देण्यास ६९ टक्के लोक तयार होते आणि सरकारने अधिक काही करावे असे ८९ टक्क्यांना वाटत होते. मात्र 'तुमच्या देशातील किती लोक असा हिस्सा देतील?' या प्रश्नावर त्यांचा सरासरी अंदाज होता ४३ टक्के. माणसे स्वतः जितकी तयार आहेत, तितकी इतर तयार आहेत यावर त्यांचा विश्वास नाही. 'माझ्या एकट्याने काय होणार' या वाक्यामागे आळसापेक्षा हा गैरसमज अधिक असतो, आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

मुंबईचा धडा

दोष सोयीच्या जागी कसा स्थिरावतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या गटारांची क्षमता दुप्पट करावी, अशी शिफारस असलेला ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून पडून होता. मिठी नदीचे पात्र भरावाने व अतिक्रमणाने आक्रसले होते. तथापि पुरानंतर लोकांच्या तोंडी सर्वाधिक नाव होते ते प्लास्टिकच्या पिशवीचे. पिशव्यांनी गटारे तुंबली, हे खरेच होते. त्यांच्यावर निर्बंध आले, २०१८ मध्ये अधिक व्यापक बंदीही आली, आणि ते योग्यच झाले. पण पिशवी नाकारणे नागरिकाच्या हातात होते, तर गटारे आणि नदी नव्हती. दोष त्या दिशेने वाहत गेला, जेथे त्याला विरोध करणारे कोणी नव्हते.

त्या एका दिवसाचा पाऊस थेट तापमानवाढीच्या नावे लिहिता येत नाही. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. गटारांचा प्रश्न आता केवळ गटारांचा उरलेला नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. त्यानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे दरडोई १.८ टन होते आणि त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जावापराचा, मुख्यतः कोळशावर तयार होणाऱ्या विजेचा होता. घरातील दिवा कोणी विझवायचा हे आपण ठरवतो; तो कशावर पेटतो, हे नाही.

व्यक्तीने करायचे ते काय?

वैयक्तिक संयमाला मर्यादा किती, हे २०२० च्या टाळेबंदीने दाखवले. रस्ते ओस पडले, विमाने जमिनीवर उभी राहिली, तरी त्या वर्षी जगाचे इंधनजन्य कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन घटले ते सुमारे पाच टक्क्यांनीच. वीजकेंद्रे, पोलाद व सिमेंट यांचे कारखाने सुरूच होते.

मग व्यक्तीने हात झटकावेत काय? तसे नव्हे. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार, मागणीच्या बाजूने केलेल्या बदलांतून प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रांतील उत्सर्जन २०५० पर्यंत ४० ते ७० टक्क्यांनी घटू शकते. अट एवढीच, की त्यासाठी धोरणे, पायाभूत सोयी आणि तंत्रज्ञान यांची साथ हवी. बसथांब्यावर बस वेळेवर आली नाही तर मोटार विकण्याचा उपदेश वाया जातो. एके काळी चार हजारांहून अधिक असलेल्या 'बेस्ट'च्या बसगाड्या आता तीन हजारांच्या खाली आल्या आहेत. त्याचा परिणाम कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोठा आहे.

शिवाय आपण निवडतो त्या कृतीही अनेकदा चुकीच्या क्रमाने निवडतो. वाइन्स आणि निकोलस यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार श्रीमंत देशांत मोटारीविना राहिल्यास वर्षाला सुमारे २.४ टन, तर अटलांटिकपारची एक जाऊन-येऊन विमानफेरी टाळल्यास सुमारे १.६ टन उत्सर्जन वाचते. पण त्यांनी तपासलेल्या कॅनडातील पाठ्यपुस्तकांत भर होता तो कचऱ्याच्या पुनर्वापरासारख्या किरकोळ उपायांवर. सोपे ते आधी शिकवले जाते आणि तेवढ्यावर मन शांत होते.

दायित्वाची योग्य वाटणी आपल्या राज्यघटनेतच आढळते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने एकाच वेळी दोन तरतुदी आणल्या. अनुच्छेद ४८ अ ने पर्यावरणरक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आणि अनुच्छेद ५१ अ ने तीच नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवली. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, यासाठी ही रचना नाही. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून निष्पन्न होतो, असे सांगितले. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २३ जुलै २०२५ च्या सल्लागार मतात, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर बंधन आहे आणि ते मोडल्यास भरपाईची वेळ येऊ शकते, असे स्पष्ट केले.

तेव्हा दोषाचा हिशेब अवश्य मागावा. श्रीमंत राष्ट्रांकडे, माहिती दडवणाऱ्या कंपन्यांकडे मागावा, आणि सुस्थितीत असलेल्या प्रत्येकाने स्वतःकडेही मागावा. पण तो हिशेब पुरा होईपर्यंत काम थांबवता येणार नाही. ज्याच्या हाती जे आहे, ते त्याचे दायित्व. ग्राहकाच्या हाती मोटारीची आणि विमानाची निवड आहे. गृहनिर्माण संस्थेच्या हाती गच्चीवरील सौरऊर्जा आहे. मतदाराच्या हाती तर सर्वांत मोठी गोष्ट आहे : बस किती, गटारे केवढी आणि वीज कशाची, हे प्रश्न उमेदवाराला विचारणे. आपली पाऊलखूण केवढी, हे प्रत्येकाने मोजावेच; पण पावले कोणत्या रस्त्याने नेली जात आहेत, हे विचारणे हाही नागरिकाच्या कर्तव्याचाच भाग आहे.